पासबुक पेटीत ठेवू नका

१९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज सत्ता गोव्यातून जाण्याच्या बेतात होती. त्याच सुमारास गोवेकरांनी ‘बांको नासिओनाल उल्त्रामारिनु’ या पोर्तुगीज बँकेत गहाण ठेवलेले सोन्याचे दागिने लिस्बनला हलवण्यात आले. ते भारतात परत यायला १९९१ साल उजाडले. घरातल्या अडीअडचणीसाठी चार दागिने ठेवून पैसे उचललेल्या माणसांना तीस वर्षे वाट पाहावी लागली, आणि त्यातली कितीतरी माणसे वाट पाहतच गेली.

जुने उकरून काढायचे म्हणून हे सांगत नाही. पैशाचा व्यवहार गरीब माणसाला कधीच नवा नव्हता, एवढे यातून ध्यानात यावे. त्याने सोने गहाण ठेवले, भाटकाराकडून उचल घेतली, चवथीच्या बाजारासाठी दुकानदाराकडे उधारी केली. व्यवहार होतेच, अटी मात्र नेहमी दुसऱ्याने घातल्या, कागद दुसऱ्याच्या कपाटात राहिला आणि दुसऱ्याने सांगितलेला हिशेब खरा मानावा लागला. पेडणे आणि डिचोलीतल्या माझ्या भावाबहिणींना आज मला सांगायचे आहे ते एवढेच, की आता कागद तुमच्या हातात आहे. तो वापरा.

माणशी बँकशाखा मोजल्या तर गोवा देशात वरच्या रांगेत बसतो. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली आणि शून्य शिल्लकीवर खाते मिळू लागले. गृह आधारचे दीड हजार आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे बँकेतच जमा होतात, त्यामुळे बहुतेक घरांत निदान एक पासबुक असते. पण ते लुगड्यांच्या घडीखाली पेटीत असते. पैसे जमा झाले की बाई जाते, सगळे काढते आणि पासबुक पुन्हा पेटीत टाकते. मुलाच्या आजारपणाला दहा हजार लागले की त्याच बाईला ओळखीच्या माणसाकडून शेकडा पाच रुपये महिन्याने पैसे घ्यावे लागतात. खाते आहे, पण बँक तिच्या उपयोगाला येत नाही.

कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडा. दहा हजारांवर शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाचशे रुपये नुसते व्याज. वर्षाला सहा हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. तेच दहा हजार किसान क्रेडिट कार्डावर घेऊन वेळेत फेडले तर वर्षाचे व्याज चारशे रुपये होते, कारण सात टक्क्यांतले तीन टक्के सरकार सोडते. ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या स्वयंसहाय्य गटांना तीन लाखांपर्यंतचे कर्ज सात टक्क्यांनी मिळते, म्हणजे दहा हजारांना सातशे. सहा हजार कुठे आणि चारशे-सातशे कुठे! गरीब घर वर्षभर राबून जे मिळवते त्यातला मोठा वाटा या फरकात वाहून जातो.

मग माणसे बँकेत का जात नाहीत? शहाण्या लोकांकडून याचे उत्तर मी पुष्कळदा ऐकले आहे: लोकांना कळत नाही, लोक आळस करतात. हे मला मान्य नाही. पहाटे काजूच्या बागायतीत उतरणारी, दुपारी बाजारात बसणारी बाई आळशी नसते आणि तिला व्याजही कळते. तिची अडचण वेगळी आहे. ती आधी समजून घ्या.

या तालुक्यांतली सगळ्यात जुनी अडचण जमिनीची आहे. डिचोली आणि पेडणे हा नव्या काबिजादींचा भाग, अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे आलेला. जमीन एकाची, कसणार दुसरा आणि घर बांधून राहणार तिसरा, अशी इथली घडी पिढ्यान्‌पिढ्या चालली. मुक्तीनंतर १९६४ मध्ये कूळ कायदा झाला, १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला, १९७६ च्या दुरुस्तीने कुळाला जमिनीची मालकी देण्याची तरतूद केली. कायदे चांगले होते. पण मामलेदार कचेरीतले दावे वर्षानुवर्षे रेंगाळले आणि पुष्कळ घरांत एक-चौदाच्या उताऱ्यावर आजही आपले नाव नाही. मये गावाचे उदाहरण घ्या. तिथली मोठी जमीन मुक्तीनंतर निघून गेलेल्या मालकाची म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. गावकरी तिथेच जन्मले, तिथेच शेती केली, तिथेच म्हातारे झाले, पण कागदावर ते कोणीच नव्हते. २०१४ मध्ये विधानसभेने त्यासाठी कायदा केला आणि त्यानंतर कुठे सनदा मिळू लागल्या. बँकेतला अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, तारण काय? ज्याच्या घराखालची जमीनच त्याच्या नावावर नाही त्याने काय उत्तर द्यावे? तो निमूट परत फिरतो आणि पुन्हा त्या दारात जात नाही.

अशा प्रत्येकाला माझे सांगणे आहे: परत फिरू नका. तारण न मागता द्यायची कर्जे आहेत, ती नावाने मागा. १ जानेवारी २०२५ पासून शेतीसाठी दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. किसान क्रेडिट कार्ड केवळ जमीनमालकाला असते हा समज चुकीचा आहे. कुळाने आणि खंडाने कसणाऱ्यानेही ते मागावे. दूधवाल्याने आणि मच्छीमारानेही मागावे. मोरजी-केरीत होडी असलेल्या किंवा डिचोलीत दोन गाई पाळणाऱ्या घराला त्याचा लाभ घेता येतो. शिवणयंत्र, खाजे-लाडूची भट्टी, छोटे दुकान यासाठी मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज आहे. नगरपालिकेच्या हद्दीत रस्त्यावर भाजी, फुले, मासळी विकणाऱ्यांसाठी २०२० पासून स्वनिधी योजना आहे. आता तिचा पहिला हप्ता पंधरा हजारांचा झाला आहे आणि तो फेडला की पुढचा वाढीव मिळतो. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात बसणाऱ्या बायांनी पालिकेत जाऊन आपले नाव विक्रेत्यांच्या यादीत आहे का, हे आधी विचारावे. आणि मुंडकाराचा किंवा कुळाचा दावा पडून असेल तर त्याचा पाठपुरावा सोडू नका. तो कागद मिळाला की पुढच्या पिढीला बँकेची पायरी सोपी होते.

दुसरी अडचण काउंटरची आहे, आणि तीही तितकीच खरी. इंग्रजी अर्ज, घाईतला कारकून, “केवायसी करून या,” “आधार लिंक नाही,” “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” रोजंदारीवाल्या बाईचा ‘उद्या’ म्हणजे बुडालेली मजुरी. बँकेतल्या माझ्या बंधुभगिनींना हात जोडून सांगते, की तुमच्यावर कामाचा भार आहे हे मला दिसते, पण तिला एकाच फेरीत सगळी कागदपत्रे लिहून द्या. अर्ज नाकारायचा असेल तर कारण कागदावर द्या. परराज्यातून येऊन मोपा विमानतळाच्या कामावर किंवा किनाऱ्यावरच्या हॉटेलांत राबणाऱ्या मजुराच्या आधारवर गावचा पत्ता असला, तरी इथला पत्ता त्याने स्वतः लिहून दिला की खाते उघडता येते. त्याला भाडेकराराच्या मागे पळवू नका.

ग्राहकांनीही आपले हक्क पाठ करावेत. ‘बेसिक’ बचत खात्याला किमान शिल्लक लागत नाही आणि महिन्यात चार वेळा पैसे काढायला काही आकार नाही. शिल्लक कमी म्हणून तुमच्या साध्या खात्यातून पैसे कापले जात असतील तर ते बेसिक खात्यात बदलून द्या म्हणून अर्ज करा. बँकेकडे लेखी तक्रार केली आणि तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते आणि या तक्रारीला पैसे पडत नाहीत.

एकट्या बाईला काउंटरवर जे जमत नाही ते दहाजणींना जमते. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांपासून बँकांशी गट जोडण्याचा प्रयोग सुरू केला. आज देशभर त्याचे जाळे आहे. त्याआधी १९७४ मध्ये अहमदाबादेत ‘सेवा’च्या कष्टकरी बायांनी स्वतःची बँक काढली. १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी तारणाशिवाय छोटी कर्जे द्यायला सुरुवात केली, त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये त्यांना आणि त्या बँकेला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या शेजारी महाराष्ट्रात, माणच्या दुष्काळी मुलखातल्या म्हसवडला, चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू केली. तिथे शेळ्या राखणाऱ्या, बाजारात बसणाऱ्या बाया खातेदार आहेत आणि भागधारकही आहेत. आपल्या तालुक्यांतही गट पुष्कळ निघाले. चवथीच्या बाजारात त्यांचा माल दिसतो. पण काही गट अनुदान मिळेपर्यंत चालतात आणि मग वही बंद होते. गट टिकतो तो नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर फेड आणि चोख वही या पाच गोष्टींवर. यातली वही सगळ्यात महत्त्वाची आहे असे माझे मत आहे. वही एकाच बाईकडे राहू देऊ नका, दर बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. ज्या गटात आकडे मोठ्याने वाचले जातात तिथे संशयाला जागा उरत नाही आणि भांडणही लांब राहते.

गटाच्या नावाने दारात येणाऱ्या खासगी फायनान्स कंपन्यांचे प्रकरण निराळे आहे. त्यांची कर्जे चटकन मिळतात म्हणून लोक घेतात, आणि एकीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज काढतात. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात याच वाटेने हजारो घरे बुडाली होती. त्यानंतर नियम कडक झाले. १ एप्रिल २०२२ पासून, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला तारणाशिवाय दिलेल्या अशा कर्जांत सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. मुदतीआधी फेडले तर दंड घेता येत नाही. वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर येता येत नाही, शिवीगाळ-धमकी करता येत नाही. शेजारणींसमोर कोणी तुम्हाला लाजवू लागला तर गप्प बसू नका. आणि व्याज ‘फ्लॅट’ आहे का, हे सहीपूर्वी विचारा. पन्नास हजारांवर १२ टक्के फ्लॅट, वर्षभराचे मासिक हप्ते, म्हणजे सहा हजार व्याज. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते, त्यामुळे खरा दर २१-२२ टक्क्यांच्या घरात जातो.

कर्जाविषयी डिचोलीला वेगळे काही शिकवायची गरज नाही. खाणी जोरात होत्या तेव्हा घराघरांत हप्त्यावर ट्रक आले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम थांबले; काही वर्षांनी ते सुरू झाले, तोवर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चात पुन्हा सगळे बंद. ट्रक अंगणात उभे राहिले, हप्ते मात्र चालू राहिले. सरकारने मदतीच्या योजना काढल्या, तरी घराघरांत जे ताण गेले ते पैशात मोजता येणार नाहीत. त्या काळात कोणी कमी कष्ट केले म्हणून घर बुडाले नाही. एकाच धंद्यावर सगळे उत्पन्न, त्याच उत्पन्नावर सगळे कर्ज, आणि बाजूला काही नाही, अशी रचना होती म्हणून बुडाले. आता खाणी पुन्हा सुरू होत आहेत आणि गाडीसाठी कर्ज देणारेही पुन्हा दारात येतील. म्हणून माझा आग्रह बचतीचा आहे, आधी बचत आणि मग कर्ज. निदान तीन महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात साठवल्याशिवाय नव्या गाडीच्या कागदावर सही करू नका. नवऱ्याच्या, भावाच्या कर्जाला जामीन राहणाऱ्या बायांनी आधी कागद वाचून घ्यावा. जामिनाची सही म्हणजे स्वतः कर्ज घेतल्यासारखीच आहे.

पेडण्याला आज जो धोका आहे तो हातात आलेल्या पैशाचा आहे. मोपा विमानतळासाठी जमिनी गेल्या. ५ जानेवारी २०२३ पासून तिथे विमाने उतरू लागली. मांद्रे, मोरजी, हरमलच्या किनारपट्टीवर जमिनीचे व्यवहार चालूच आहेत. पिढ्यान्‌पिढ्या काजू आणि भातावर जगलेल्या घरात एकदम मोठी रक्कम येते, आणि तिच्या मागोमाग ‘दोन वर्षांत दुप्पट’वाले येतात. बहुतेकदा ते ओळखीचेच असतात. म्हणूनच माणसे फसतात. कोणीही ठेव मागितली तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर त्याचे नाव घरातल्या शिकलेल्या पोराला तपासायला सांगा. मोबाईलवरून पैसे गेले तर त्याच घटकेला १९३० वर फोन करा. उशीर झाला की पैसे हाती लागणे अवघड होते. आणि जमिनीचा पैसा नवरा-बायको दोघांच्या नावाने ठेवा. विकलेली जमीन तिच्याही घामाची होती.

ठेव कुठे ठेवता याकडेही लक्ष असू द्या. एप्रिल २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने म्हापसा अर्बन सहकारी बँकेचा परवाना रद्द केला, जुलै २०२१ मध्ये मडगाव अर्बनचा. ठेवीदारांना आधार राहिला तो ठेव विम्याचा: फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका माणसाला व्याजासह पाच लाखांपर्यंतची हमी आहे. म्हणून रक्कम मोठी असेल तर ती दोन-तीन बँकांत विभागा. ही हमी बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. दोन्हींच्या पाट्या सारख्याच दिसतात, पासबुकेही सारखीच दिसतात, म्हणून विचारून घ्या. पतसंस्था वाईट असतात असे मी म्हणत नाही. कित्येक संस्थांनी या भागात अडल्या माणसाला हात दिला आहे, आणि रोज दुकानावर येऊन वीस-पन्नास रुपये नेणाऱ्या पिग्मीवाल्याने तर आपल्या बाजारपेठांना बचत शिकवली. १९२८ मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने दोन आण्यांपासून सुरू केलेली ही पद्धत आहे आणि रोजच्या कमाईवाल्याला तिच्यासारखी सोय नाही. पण रोजची नोंद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि जन्माची पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नका. पोस्टही विसरू नका. तिथे महिन्याला शंभर रुपयांपासून आवर्ती ठेव उघडता येते.

थोडे वारसाविषयी. पासबुकावर नॉमिनीचे नाव नसले की घरधनी गेल्यावर बायकोला स्वतःच्याच घरच्या पैशासाठी कोर्ट-कचेरीच्या खेपा घालाव्या लागतात. या आठवड्यात बँकेत जा आणि नाव घाला. एका अर्जाचे काम आहे, पैसे लागत नाहीत.

आता शिकलेल्यांशी दोन शब्द. तुम्ही शिक्षक असाल, पंच असाल, अंगणवाडीताई असाल, स्वयंपूर्ण मित्र म्हणून पंचायतीत येत असाल, कॉलेजात शिकत असाल. तुमच्या वाड्यावर एक तरी घर असे आहे जिथे पासबुक आहे आणि ते वाचणारे कोणी नाही. भाषणे नकोत. त्या बाईबरोबर एकदा बँकेत चला. तिचा अर्ज तुम्ही भरा, पण सही किंवा अंगठा तिचा, पैसे तिने मोजलेले आणि एटीएमचा नंबर तिच्या एकटीच्या ध्यानात. दुसऱ्या खेपेला ती एकटी जाईल आणि तिसऱ्या खेपेला शेजारणीला घेऊन जाईल. जनधनचे रुपे कार्ड असेल तर ते अधूनमधून वापरायलाही सांगा. अपघाताआधीच्या नव्वद दिवसांत कार्डाचा वापर झालेला असेल तरच त्यावरचा अपघात विमा लागू होतो, आणि पेटीत पडलेल्या कार्डाचा हा हक्क कोणाला कळायच्या आत बुडतो.

शेवटची विनंती विम्याची. प्रधानमंत्री जीवनज्योतीला वर्षाला ४३६ रुपये लागतात, १८ ते ५० वयात घेता येते, माणूस गेला तर घराला दोन लाख मिळतात. सुरक्षा विम्याला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला दोन लाख. दोन्हींचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि पैसे मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात. त्या दिवशी खाते रिकामे असेल तर विमा तुटतो. म्हणून काजूचा हंगाम संपता संपता, गृह आधारचे पैसे सगळे काढण्यापूर्वी, खात्यात ४५६ रुपये राहू द्या.